विमानाचं तिकीट किती आधी काढायचं? गूगल फ्लाइट्स वापरून काय कळलं

दिवाळी जवळ आली की सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न, तिकीट आत्ता काढू का थोडं थांबू, आणि उत्तरं पण ठरलेली, कोणी म्हणतं मंगळवारी रात्री बघ, कोणी म्हणतं इनकॉग्निटोमधे (ब्राउझरच्या खाजगी विंडोत) उघड नाहीतर रेट चढवतात, कोणी म्हणतं शेवटच्या दोन दिवसांत स्वस्त मिळतं. यातलं शेवटचं तर कृपा करून कोणी मनावर घेऊ नका. मी हल्ली कोणालाच विचारत नाही, सरळ गूगल फ्लाइट्स, म्हणजे गूगलची विमानभाडी शोधायची साइट, उघडते आणि त्यावरून ठरवते. फुकट आहे, ॲप टाकावं लागत नाही, आणि ते स्वतः तिकीट विकत नाही, बुक करायला एअरलाइनच्या किंवा बुकिंग साइटच्या पानावर पाठवतं, त्यामुळे "घाई करा, दोनच सीट उरल्या" असला भडिमार नसतो, शांतपणे बघता येतं.

सगळ्यात कामाचं म्हणजे कॅलेंडर. तारखेच्या चौकटीवर क्लिक केलं की प्रत्येक तारखेखाली त्या दिवसाचं कमीत कमी भाडं दिसतं, स्वस्त दिवस हिरव्या रंगात. आता आमच्याकडचा नेहमीचा रूट घ्या, पुणे-नागपूर. पुण्यात नोकरी करणारी विदर्भातली मंडळी दिवाळीला एकाच वेळी घरी निघतात, त्यामुळे वसुबारसेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत पुण्याहून जाणारं भाडं साध्या आठवड्याच्या दुप्पट-तिप्पट दिसतं, आणि त्याच दिवसांत नागपूरहून पुण्याला येणारं मात्र बरंच कमी. भाऊबीज झाली की चित्र बरोब्बर उलटं. हे डोळ्यांनी बघितलं की कळतं, किती आधी काढायचं याचं एकच उत्तर असूच शकत नाही, तारीख कुठली आणि दिशा कुठली यावर सगळं आहे.

आणि या रूटवर रेल्वेचा पण हिशोब धरावा लागतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं. म्हणजे बहुतेक लोक ६० दिवस आधी सकाळी आठला आयआरसीटीसी उघडून बसतात, वेटिंग लागलं की ट्रॅव्हल्सचे रेट बघतात, ते बघून डोळे पांढरे झाले की मग विमानाकडे वळतात. हे सगळे एकदम विमानाकडे यायच्या आत तिकीट हातात पाहिजे असं माझं मत आहे, म्हणजे दिवाळीसाठी रेल्वेची विंडो उघडायच्या आधीच, अडीच-तीन महिने आधी. सेलची वाट बघत बसू नका, ऐन दिवाळीच्या तारखा बहुतेक सेलमधे धरतच नाहीत, खालच्या अटी वाचा. उलट जुलै-ऑगस्टमधे आठवड्याच्या मधल्या दिवशी जायचं असेल तर महिनाभर आधी बघितलं तरी चालतं, काही बिघडत नाही.

भाडं का चढतं ते एकदा समजून घेतलं की थांबायचं का नाही हे ठरवणं सोपं जातं. एकाच फ्लाइटच्या इकॉनॉमीच्या सीट वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत वाटलेल्या असतात, स्वस्त गटातल्या संपल्या की पुढचा महाग गट सुरू. शिवाय बऱ्याच भाड्यांना अट असते की प्रवासाच्या २१, १४ किंवा ७ दिवस आधीच ते मिळेल, तो दिवस उलटला की ते भाडं यादीतून गेलं. शेवटच्या आठवड्यात कोण तिकीट काढतं, तर ऑफिसच्या कामाने जाणारे, नाहीतर कोणाच्या घरी अडचण आली म्हणून निघणारे, आणि त्यांना जावंच लागतं हे एअरलाइनला पक्कं माहीत असतं. तुम्ही इनकॉग्निटो उघडा नाहीतर शेजाऱ्याचा फोन घ्या, गटातली सीट संपली असेल तर ती संपलीच.

यातूनच एक गोष्ट, जी घरातले चौघं मिळून जाणार असतील त्यांनी नक्की करा. आधी एका प्रवाशासाठी सर्च करा, मग चौघांसाठी. स्वस्त गटात दोनच सीट शिल्लक असतील तर चौघांच्या सर्चमधे चौघांनाही वरच्या गटाचं भाडं लागतं. फरक मोठा असेल तर दोन-दोन अशी दोन बुकिंग करता येतात, फक्त पीएनआर वेगळे होतात, काही गडबड झाली तर एअरलाइनला दोन्ही सांगावे लागतात, आणि लहान मुलांना मोठ्यांच्याच पीएनआरमधे ठेवा.

आता खूप आधी काढण्याबद्दल. बऱ्याच मोठ्या एअरलाइन सुमारे ११ महिने आधी बुकिंग उघडतात, पण उघडल्या उघडल्या सगळ्यात स्वस्त असतं असं नाही. देशातल्या प्रवासात तर वेळापत्रक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, आणि खूप आधी काढलेल्या तिकिटाची वेळ मधेच बदलू शकते. माझ्या बाबतीत एकदा हेच झालं, सकाळची फ्लाइट रात्रीची झाली, आणि तिकीट एका बुकिंग साइटवरून काढलेलं, त्यांनी कळवलंच नाही, एअरलाइनला फोन केला तर म्हणे ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच विचारा, आणि त्या साइटचा चॅटबॉट तीच तीन उत्तरं फिरवून देत राहिला. तेव्हापासून बघायचं गूगल फ्लाइट्सवर आणि काढायचं थेट एअरलाइनच्या साइटवर, शे-दोनशे जास्त गेले तरी चालतील.

ट्रॅक प्राइसेसचं बटण जरूर चालू करा, भाडं हललं की ईमेल येतो. ज्या रूटवर पुरेसा डेटा असतो तिथे आत्ताचं भाडं नेहमीपेक्षा कमी आहे, नेहमीसारखं आहे का जास्त आहे ते पण लिहून येतं, आणि काही वेळा साधारण किती आधी स्वस्त मिळतं ते सुद्धा. छोट्या रूटवर हे बहुतेक वेळा दिसत नाही, तिथे मग प्राइस ग्राफ उघडून पुढच्या-मागच्या आठवड्यांशी ताडून बघायचं. "कमी आहे" दिसलं, तारीख पक्की आहे, तर घेऊन टाका, अजून तीनशे उतरतील म्हणून ताणू नका.

घेतल्यावर पण लगेच ट्रॅकिंग बंद करू नका. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे, प्रवासाला पुरेसा अवधी असेल तर बुकिंगनंतर ठरावीक तासांत दंड न भरता रद्द करता येतं किंवा बदलता येतं, बदलताना भाड्यात फरक असेल तेवढा भरायचा, म्हणजे तेवढ्यात भाडं उतरलं तर पहिलं रद्द करून पुन्हा काढता येतं. हे फार कमी लोकांना माहितीये. आणि तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी विमानतळाचे कर आणि शुल्क परत मिळतात, ते सोडून देऊ नका, मागून घ्या.

गूगल फ्लाइट्स कमी पडतं ते शेवटची रक्कम दाखवण्यात. कन्व्हिनियन्स फी, म्हणजे ऑनलाइन बुकिंगचं जादा शुल्क, पुढच्या पानावर लागते, माणशी लागते, आणि बँकेच्या कार्डाच्या ऑफर इथे दिसत नाहीत, त्यामुळे पेमेंटच्या पानापर्यंत जाऊनच तुलना करा. पण विमानतळ एकत्र शोधता येतात हे फार छान आहे. गोव्याला दाबोळी आणि मोपा दोन्ही टाका, पुणेकरांनी पुणे, मुंबई आणि २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेलं नवी मुंबई तिन्ही टाका, फक्त टॅक्सी आणि टोल धरून हिशोब करा. मोपा स्वस्त दिसलं आणि राहायचं मडगावला असेल तर वाचलेले पैसे टॅक्सीत जाणार.

आई-बाबांना अमेरिकेला पाठवायचं असेल तर मात्र स्वस्ताईच्या आधी दुसरं बघा. आधी व्हिसा, मग तिकीट, अपॉइंटमेंटच्या भरवशावर बुक करू नका. जून-जुलै आणि नाताळची गर्दी सोडून तारीख ठरवता आली तर तीन-चार महिने आधीपासून ट्रॅकिंग लावून ठेवा. मग फिल्टरमधे एकच स्टॉप आणि एकूण तासांची मर्यादा लावा, कारण यादीत वरती येणाऱ्या स्वस्त तिकिटात कधीकधी रात्रभराचा थांबा असतो, सत्तरीतल्या माणसांनी खुर्चीत बसून काढायची ती रात्र. सेल्फ ट्रान्सफर लिहिलेलं तिकीट तर त्यांच्यासाठी अजिबात घेऊ नका, मधे सामान स्वतः उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि त्या देशाचा व्हिसा लागला तर पंचाईत. आणि तिकीट निघालं की त्याच दिवशी एअरलाइनला फोन करून व्हीलचेअर नोंदवून ठेवा, ते काम गूगल फ्लाइट्सवर होत नाही.