टेली-मानस १४४१६: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांत किती कामाचा?

आपल्याकडचं पोरगं ‘मला नैराश्य आलंय’ असं कधी म्हणत नाही. ‘झोप लागेना झालीय’, ‘पुस्तक उघडलं की छातीत धडधडतंय’, ‘जेवण नको वाटतंय’, एवढंच कानावर येतं. टेली-मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिच्या १४४१६ या नंबराची पहिली जमेची बाजू हीच, की फोन लावायला आजाराचं नाव माहीत असावं लागत नाही. एवढं सांगितलं तरी समोरचा माणूस पुढचं विचारत जातो.

केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन फुकट, चोवीस तास. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६. बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था तिची मुख्य मार्गदर्शक आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याकडे पाठवतात. २०२४ च्या ऑक्टोबरात ॲप आलं. व्हिडिओवर बोलण्याची सोयही सुरुवातीला ज्या मोजक्या राज्यांत आली, त्यांत कर्नाटक होतं.

सीमाभागात खरी अडचण भाषेची. फोन लागला की भाषा निवडायला सांगतात आणि घाईत कन्नड किंवा हिंदीचं बटण दाबलं जातं. देशभरात मिळून २० भाषांत सेवा आहे, पण कुठल्या राज्यात कुठल्या भाषा हे त्या त्या राज्यानं ठरवलेलं असतं. म्हणून पहिलंच वाक्य हे असू द्या: ‘मराठीत बोलणारं कुणी आहे का? आत्ता नसेल तर कधी मिळेल?’ शाळेत कन्नड शिकलेलं पोर कन्नडमधून उत्तरं देईलही, पण आईशी झालेलं भांडण त्याला मराठीतच सांगता येतं. हिंदीत बोलायची वेळ आलीच तर ‘बरं वाटत नाही’ एवढ्यावर थांबू नका. ते तापासारखं ऐकू जातं. मोजून सांगा: किती दिवस झाले, रात्री किती तास झोप होते, जेवण किती कमी झालंय, शाळा किती दिवस बुडली, आवडीचा खेळ कधीपासून सुटला. चार ओळी वहीत लिहून मगच फोन लावा. दोन आठवडे रोज असंच चाललं असेल तर थांबू नये.

फोन वाया जातो तो बहुतेक वेळा घरच्यांमुळे. आई किंवा बाबा फोन हातात घेतात आणि ‘मोबाईलमुळं बिघडलंय हो’ असा निकालच सांगून टाकतात. मग समुपदेशकापर्यंत पोराचं काहीच पोचत नाही. मोठ्यांनी दोन मिनिटांत माहिती द्यावी, फोन पोराकडे द्यावा आणि खोलीबाहेर जावं. दोन खोल्यांच्या घरात ते जमत नसेल तर गच्ची आहे, परसू आहे. कणकुंबी, जांबोटीकडं रेंज कमी, तेव्हा आधी रेंजची जागा बघून ठेवा. फोन झाल्यावर ‘काय विचारलं? काय सांगितलंस?’ अशी उलटतपासणी नको. ‘जेवायला बस, तुला वाटलं तर सांग’ एवढं पुरे.

या सेवेची मर्यादाही सांगायला हवी. दर वेळी तोच समुपदेशक मिळेल असं धरून चालू नका, प्रत्येक वेळी थोडं पहिल्यापासून सांगावं लागतं. महिनोन् महिने चालणाऱ्या उपचाराला हा फोन पुरत नाही. त्यासाठी बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलातला मानसोपचार विभाग किंवा धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था गाठावी लागते.

शाळांनी नंबराचा कागद मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावू नये, तिथं उभं राहून कुणी वाचत नाही. पाण्याच्या नळाजवळ आणि मुलींच्या स्वच्छतागृहात आतून लावावा. वर्गशिक्षकांनी ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. ‘तुझ्या जिवाला धोका वाटला तर घरी सांगावं लागेल, बाकी माझ्यापाशीच राहील’ हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं विश्वास तुटत नाही. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, निकालाआधीच्या आठवड्यात वर्गात एक गोष्ट स्पष्ट सांगा: २०२४ पासून वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा होतात, पहिलीत विषय गेला तरी त्याच वर्षी पुन्हा बसता येतं. पुष्कळ घरांत हे अजून माहीत नाही आणि ‘वर्ष वाया गेलं’ याच धसक्यानं पोरं गप्प होतात.

‘सगळं संपवावंसं वाटतंय’ असं बोलणं कानावर आलं तर सरळ विचारा: ‘जगू नये असं मनात येतंय का?’ विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून जीव हलका होतो. ‘हो’ म्हणालं तर रागावू नका, शपथा घालू नका आणि एकटं सोडू नका. शेजारी बसून १४४१६ लावा. जिवाला तातडीचा धोका असेल तर आधी १०८ किंवा ११२. उसाच्या आणि तंबाखूच्या गावांत फवारणीचं औषध घरातच ठेवलेलं असतं, ते त्याच दिवशी कुलपात जाऊ दे आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. दुसऱ्या दिवशी पोर हसलं, खेळलं, तरी ते कुलूप काढू नका.