मंगाच्या चाहत्यांनी काढलेल्या प्रेमकथा : दोजिन्शी कशी निवडावी

खेळावरच्या मंगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, सामना संपतो, एक जण दुसऱ्याच्या हातात पाण्याची बाटली ठेवतो आणि पान उलटलं की पुढचा सामना सुरू. चाहत्यांनी स्वतः काढून छापलेली पुस्तिका, म्हणजे दोजिन्शी, नेमकी त्या बाटलीपाशी बसकण मारते. बोटं लागली का, परतीच्या ट्रेनमध्ये कोण कोणाशेजारी बसलं, यावरच वीस-बावीस पानं. पात्रांची ओळख करून देण्यात एकही चौकट जात नाही, कारण वाचक मूळ कथा कोळून प्यालेला असतो. खरी गंमत यातच आहे. मूळ मंगा वाचला नसेल तर मात्र पैसे घालवू नका, काहीही कळणार नाही.

मुखपृष्ठावर आधी जोडी बघावी. दोन नावांमध्ये × ही खूण असते. पुरुष-पुरुष जोडीत पहिलं नाव सहसा पुढाकार घेणाऱ्याचं. नावं उलटली की गोष्ट वेगळी, वाचकही वेगळे. नवखे फसतात ते इथेच. तोक्योत इकेबुकुरोच्या ओतोमे रोडवर मांदाराकेसारख्या दुकानांत जुन्या प्रती मिळतात, त्याही मालिका आणि जोडी बघून लावलेल्या. प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असल्याने चाळता येत नाहीत, म्हणून सर्कलने, म्हणजे अंक काढणाऱ्या चाहत्यांच्या गटाने, पिक्सिव्ह या चित्रांच्या संकेतस्थळावर टाकलेली नमुना पानं आधीच बघून ठेवावीत.

आकार बहुधा बी५, म्हणजे १८२ × २५७ मिमी. पानांच्या आकड्यात मुखपृष्ठाची चार पानं सहसा धरलेली असतात, त्यामुळे २८ पानी अंकात गोष्ट जेमतेम २२ पानांची. नवी प्रत साधारण ५०० ते १,००० येनला पडते. वर 'झेनपेन' छापलं असेल तर तो पूर्वार्ध. उत्तरार्ध मिळतोय याची खात्री करूनच घ्यावा, कारण प्रती मोजक्याच छापतात आणि सर्कल त्या पुन्हा काढेलच असं नाही. 'आर१८' असेल तर ती फक्त प्रौढांसाठी.

शेवटी 'ओकुझुके' असतं : सर्कलचं नाव, छापखाना, तारीख. तारखेवरून कळतं की तेव्हा मूळ कथा कुठवर आली होती. पुढच्या प्रकरणांनी खोटी पाडलेली जुनी दोजिन्शी टाकाऊ समजू नये. पुढचं काही माहीत नसताना केलेले अंदाज कित्येकदा जास्त धीट असतात.

चित्रं कच्ची, पार्श्वभूमी कोरी, हे सगळं चालतं. आवाज चुकला की मात्र संपलं. मूळ मंगात तुटक बोलणारा मुलगा चौथ्या पानावर कवितेत बोलू लागला, तर चेहरा कितीही हुबेहूब असो, तो दुसराच कोणी वाटतो. याउलट, कायम आडनावाने हाक मारणारा एकदाच नावाने हाक मारतो, आणि समोरच्याच्या हातातली छत्री किंचित कलते. कसलेला हात या एका हाकेसाठी अख्खं पान मोकळं सोडतो.

स्कॅन करून नेटवर चढवू नका, ही विनंती बहुतेक अंकांत छापलेली असते. ती पाळावी. मूळ हक्कदारांनी केलेल्या डोळेझाकीवरच हा सगळा कारभार चालतो.