ऑनलाइन समुपदेशन: मॅडम उत्तम, फॉर्म त्याहून उत्तम, ॲपचं मात्र बोलायलाच नको

ॲपचं नाव घेत नाहीये, कारण खाली जरा टोचून लिहिलंय आणि त्याचा ताप माझ्या काउन्सेलर मॅडमना नको. काउन्सेलिंग कशासाठी घेतलं तेही नाही लिहिणार, गोपनीयतेवर रिव्ह्यू लिहायचा तर तेवढं तरी पाळावं की. रात्र रात्र झोप लागत नव्हती एवढं पुरे.

आधी पैशाचं सांगून टाकते. पन्नास मिनिटांना बाराशे रुपये, पैसे आधी भरायचे, चोवीस तास आधी कॅन्सल केलं नाही तर सगळे गेले. डोंबिवलीहून ठाण्याला जाऊन प्रत्यक्ष बसायचं तर अर्धा दिवस लोकल आणि रिक्षात जातो, त्या मानाने परवडतं. मराठीतून बोलता येतं अशी जाहिरात होती आणि मॅडम खरंच छान मराठी बोलतात, उगाच पुस्तकी नाही.

पण बुकिंग झाल्यावर जो संमतीचा फॉर्म आला तो चार पानं आणि सगळा इंग्रजीत! मराठीत काउन्सेलिंग विकता आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद इंग्रजीत, हे काय लॉजिक आहे? दहातले नऊ जण खाली जाऊन टिक करून मोकळे होत असणार. नशिबाने मॅडमनी पहिल्या सेशनला तो अख्खा फॉर्म मराठीत समजावून सांगितला, जवळजवळ वीस मिनिटं त्यात गेली, आणि मला आधी वाटलं की अहो माझे पैसे चाललेत, पण आता वाटतं तीच वीस मिनिटं सगळ्यात कामाची होती.

कारण ‘सगळं गुप्त राहील’ असं त्यांनी म्हटलंच नाही. काय गुप्त राहणार नाही ते आधी सांगितलं. तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर तुम्ही दिलेल्या इमर्जन्सी नंबरवर मी फोन करणार, दुसऱ्या कुणाला तुमच्याकडून धोका असेल तर गप्प बसणार नाही, कोर्टाने आदेश काढला तर द्यावं लागेल, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली बंधनकारक आहे, तिथे माझ्या हातात काही नाही. ऐकून जरा दचकायला होतं, पण विश्वासही त्यामुळेच बसतो.

मग मी घरी बसून थोडं वाचलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, त्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि वर सांगितलेल्यातले बरेचसे अपवादही तिथेच आहेत. गंमत अशी की त्या कायद्यातल्या ‘मेंटल हेल्थ प्रोफेशनल’च्या व्याख्येत मनोविकारतज्ज्ञ, नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक नर्स, सायकियाट्रिक सोशल वर्कर हे येतात, पण नुसतं सायकॉलॉजीत एमए करून काउन्सेलिंग करणारे त्यात सरळ बसत नाहीत, आणि ॲपवर भेटणारे बरेचसे तेच असतात. वाईट असतात असं नाही, माझ्या मॅडमही त्यातल्याच. पण मग तुमच्यात आणि त्यांच्यात जे काही ठरलंय त्याचा पुरावा म्हणजे तो फॉर्म, म्हणून तो वाचा. आणि कुणी स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी नंबर बिनधास्त मागा, ऑनलाइन तपासता येतो, यात अपमान वगैरे काही नसतो.

आता आपल्या बाजूचं, म्हणजे क्लायंटच्या जबाबदाऱ्या. फॉर्ममधली ही यादी वाचून पहिल्यांदा हसू आलं होतं. सेशनच्या वेळी बंद खोलीत एकटं बसायचं. अहो वन बीएचके आहे! बाहेर सासूबाई टीव्ही लावून बसलेल्या, आत मुलगी अभ्यासाला, बंद खोली म्हणजे फक्त बाथरूम. गच्चीवर गेले तर वॉचमन काका पाण्याची टाकी बघायच्या निमित्ताने दोनदा चकरा मारून गेले. खाली पार्किंगमध्ये गाडीत बसले तर नेटवर्क गायब. आणि इअरफोनने फक्त मॅडमचा आवाज झाकला जातो, माझा नाही, हे कुणी सांगतच नाही.

शेवटी मॅडमनीच मार्ग काढला, आणि ही या सर्व्हिसची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आमचं एक वाक्य ठरलंय. कुणी खोलीत आलं की मी म्हणायचं, ‘बिल मेलवर पाठवा हं’, की मॅडम लगेच ऑफिसच्या कामाचं बोलल्यासारखं बोलायला लागतात, अगदी सराईतपणे. परत एकटी झाले की चॅटमध्ये नुसता एक टिंब टाकायचा. माणसांची नावं मी तोंडाने घेतच नाही, टाइप करते. सासूबाईंना अजूनही वाटतं मी अकाउंट्सचा कोर्स करतेय.

दरवेळी सुरुवातीला मॅडम विचारतात, आत्ता नक्की कुठे आहात, पत्ता सांगा. मला आधी वाटलं ही काय चौकशी, पण कारण पटलं. समोरचा माणूस स्क्रीनवर कोसळला तर ॲम्ब्युलन्स पाठवणार कुठे? माहेरी गेले असेन तर तिथला पत्ता द्यायचा. गाडी चालवताना सेशन नाही, दारू घेऊन नाही, खोलीत दुसरं कुणी बसलं असेल तर लपवायचं नाही, चालू गोळ्या सांगायच्या, रेकॉर्डिंग दोन्हीकडून नाही. हे रेकॉर्डिंगचं कलम लोक गंमतीत घेतात, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर हल्ली मीटिंगच्या नोंदी घेणारं एआय असतं, ते कॅलेंडर बघून आपोआप आत शिरतं आणि नंतर सगळ्यांना मेलवर सारांश पाठवतं! म्हणून ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा मेल आयडी, ऑफिसचं वायफाय यातलं काहीही नको. स्वतःचा फोन आणि स्वतःचा डेटा पॅक.

माझी मामेबहीण न्यू जर्सीत आहे, तिलाही मराठीतूनच बोलायचं होतं, तर मॅडमनी सरळ नाही सांगितलं, कारण तिकडे लायसन्स राज्यागणिक असतं. तिला वाईट वाटलं, पण पैसे मिळतायत म्हणून काहीही ‘हो’ न म्हणणारी बाई मला आवडली.

आणि आता ॲप. देवा! सेशनच्या एक तास आधी व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, त्यात माझं पूर्ण नाव, काउन्सेलरचं नाव आणि ठळक अक्षरात ‘युअर काउन्सेलिंग सेशन’, आणि हे सगळं लॉक स्क्रीनवर झळकतं. नणंदेचा मुलगा माझ्या फोनवर गेम खेळत होता, त्याने मोठ्याने वाचून दाखवलं, ‘मामी, काउन्सेलिंग म्हणजे काय गं?’ वेळ मारून नेली कशीतरी, मुलीच्या ॲडमिशनचं काउन्सेलिंग म्हणून. मेसेज नुसता ‘अपॉइंटमेंट, सहा वाजता’ असा का नाही पाठवता येत? कस्टमर केअरला विचारलं तर ‘युअर फीडबॅक इज व्हॅल्युएबल’. चार पानी फॉर्ममध्ये गोपनीयतेच्या शपथा घ्यायच्या आणि मेसेजने दवंडी पिटायची.

साइन अप करताना जी प्रश्नावली भरून घेतात, झोप येते का, जीव द्यावासा वाटतो का, लग्नात खूश आहात का, ती उत्तरं कुठे जातात हा प्रश्न मी मेल करून विचारला. हे खुसपट नाही. अमेरिकेत बेटरहेल्प नावाच्या भल्यामोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीने लोकांचे ईमेल वगैरे माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना दिली म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायला लावले. फिनलंडमध्ये तर वास्तामो या कंपनीच्या थेरपीच्या नोंदीच चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये पेशंटांना एकेकाला खंडणीचे मेल आले, पैसे द्या नाहीतर तुमचं सगळं नेटवर टाकतो. विचार करा, थेरपिस्टला सांगितलेलं!

ॲपकडून उत्तर आलं ते म्हणजे प्रायव्हसी पॉलिसीची लिंक. मॅडमना विचारलं तर त्यांनी नीट सांगितलं की ॲपमध्ये मी तारीख आणि दोन ओळी टाकते, बाकी माझ्या वहीत, तिथे तुमचं नाव नाही, नंबर आहे, आणि वही कपाटात कुलपात. मला एवढंच ऐकायचं होतं.

एक महत्त्वाचं, ही असली ॲप्स अगदी टोकाच्या क्षणासाठी नाहीत, तसं फॉर्ममध्येही लिहिलंय. रात्री दोन वाजता जीव नकोसा झाला तर चॅट उघडून उत्तराची वाट बघत बसू नका, १४४१६ लावा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

मॅडमना पाच स्टार, ॲपला दीड. वैतागून मी त्यांना म्हटलंसुद्धा की ॲप सोडून थेट तुम्हालाच पैसे पाठवते ना, तुमचंही कमिशन वाचेल. त्या म्हणाल्या, ‘नाही, ॲपवरचे क्लायंट बाहेर घ्यायचे नाहीत असा माझा करार आहे, आणि तुम्ही सही केलेल्या फॉर्ममध्येही ते आहे, तिसऱ्या पानावर बघा.’ बघितलं, आहे खरंच. त्यामुळे चालू आहे ॲपवरच, व्हॉट्सॲपचा तो नंबर म्यूट करून आणि लॉक स्क्रीनवर मेसेज दिसणं बंद करून.