साउथमधलं घराणं शोधताना कागद की डीएनए?

अमेरिकेच्या साउथमधल्या घराण्याचं मूळ शोधायचं तर मी आधी कागदच म्हणेन, पण गोची अशी की १८५० च्या आधीच्या सेन्ससमध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बायकामुलं म्हणजे नुसते आकडे, आणि गुलाम केलेल्यांपैकी बहुतेकांची नावं सेन्ससमध्ये थेट १८७० ला दिसतात, त्यात कितीतरी कोर्टहाउस सिव्हिल वॉरमध्ये कागदांसकट जळाली. तरी जमिनीचे व्यवहार, मृत्युपत्रं, टॅक्सच्या याद्या यातून कोण कुणाचा मुलगा आणि कुठून आला ते कळतं, डीएनए तेवढं सांगत नाही.

डीएनएची ताकद वेगळी. टेनेसीच्या हॅनकॉक काउंटीतली मेलंजन नावाच्या मिश्रवंशीय समाजातली घराणी पिढ्यानपिढ्या स्वतःला पोर्तुगीज सांगायची, २०१२ च्या अभ्यासात बापाकडच्या बऱ्याच लाइन्स आफ्रिकन निघाल्या आणि आईकडच्या युरोपियन. आफ्रिकन रक्त कबूल केलं की मतदानाचा हक्कसुद्धा जायचा, म्हणून मला त्या लोकांचा राग येत नाही, वाईट वाटतं.

पण वाय टेस्ट (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय क्रोमोसोमची) फक्त बाप, त्याचा बाप अशी एकच लाइन दाखवते, आईबाप दोघांकडून आलेला डीएनए बघणारी साधी ऑटोसोमल टेस्ट पाच-सहा पिढ्यांपलीकडे ढिली पडते, अमुक टक्के आफ्रिकन, तमुक टक्के युरोपियन अशा टक्केवारीवर तर भिस्त नकोच. एकाच टेस्टचे पैसे असतील तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची करा.