मेण लावू की प्लास्टिक चिकटवू?

मृगाच्या आधी आठ-पंधरा दिवस हा प्रश्न आमच्या गल्लीत फिरत येतोच. यंदा शेजारच्या मुलीने विचारला. "अक्का, पिशव्या शिवून विकायच्या म्हणतेय. पाणी आत जाऊ नये म्हणून कापडाला मेण लावू की ती इस्त्रीने चिकटणारी प्लास्टिकची फिल्म मागवू?" मी उलट तिलाच विचारलं, पिशवीत जाणार काय? निम्मा निर्णय तिथंच होतो.

आधी मेण. मी तीन भाग मधमाशीचं आणि एक भाग पॅराफिन घेते. नुसतं मधमाशीचं महाग पडतं आणि हाताला चिकट लागतं. नुसतं पॅराफिन स्वस्त, पण घडीवर तडकतं. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर कधीच नाही. मेण जास्त तापलं की पेट घेतं. वितळलेलं मेण डब्यात ओतून वडी पाडायची आणि ती कापडावर खडूसारखी घासायची. कॅनव्हासवर पांढुरके ओरखडे उठतात, कापड खराब केलं असंच वाटतं. मग हेअर ड्रायर फिरवा. ओरखडे विरघळून आत जिरतात आणि रंग भिजल्यासारखा गडद होतो. गार झाल्यावर चमचाभर पाणी टाकून बघा, थेंब मोत्यासारखा उभा राहतो.

कापड आधी कोमट पाण्यात साबणाने धुऊन खळ काढलीच पाहिजे, मांजरपाटाची तर नक्कीच. खळ राहिली तर मेण वरच बसतं. शिवाय जे आटायचं ते आधीच आटू दे, कारण मेण लागल्यावर ते कापड वॉशिंग मशीनमध्ये टाकता येत नाही. गार पाण्याने पुसायचं, बस्स.

फिल्मचं काम झटपट. कापडावर ठेवायची, वर बटर पेपर आणि मध्यम इस्त्री दाबून ठेवायची. इस्त्री ओढायची नाही, फिल्म सुरकुतते. पाणी अजिबात आत जात नाही, छपाई दिसत राहते, तेल-हळदीचा डाग पुसला की गेला. मग सगळेच फिल्म का लावत नाहीत? शिवणीमुळे. सुईने पाडलेलं भोक फिल्मवर कायमचं. टाचणीही टोचायची नाही, चिमटे लावायचे. टीप चुकून उसवली की भोकांची रांग तशीच, आणि पाणी बरोबर त्याच वाटेने आत शिरतं. मशीनचा पायही फिल्मला चिकटतो. खाली बटर पेपर धरला तर सरकतो, पण प्रत्येक पिशवीला तो फाडून काढत बसायचं म्हणजे जीव कंटाळतो. मेणाचं उलटं आहे. आधी पिशवी पूर्ण शिवायची, मग शिवणीवरून वडी दोनदा जादा घासायची, भोकं बुजतात. ज्याची टीप अजून सरळ येत नाही त्याने मेणापासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत.

पण मेणाचा एक शत्रू आहे, उष्णता. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं. हे मला माहीत होतं, तरी मी पहिली मेणाची पिशवी डब्यासाठीच शिवली. स्टीलच्या डब्यात गरम आमटी, डबा आत. दुपारी पिशवीचा तळ ओशट आणि डब्याच्या बुडाला मेणाचं गोल कडं. ती पिशवी आता कांदे ठेवायला आहे. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या सीटवर ठेवली तरी तेच होणार.

आणखी एक. मेण पाणी झटकतं, पण धरून ठेवलेल्या पाण्यापुढे टिकत नाही. बेळगावच्या बुरबुरीला पुरतं. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस मात्र वेगळा, तिथं इरलंच बरं. दरवर्षी घडीच्या जागी पांढरट रेषा पडतात, तिथं पुन्हा मेण घासावं लागतं. फिल्मला असं डागडुजीचं काही नाही. कोपऱ्यातून एकदा सुटली की सुटली.

जवसाचं तेल लावूनही मेणकापड करतात. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल मिळतं. पातळ थर, मध्ये कित्येक दिवस वाळवण, पिवळट रंग आणि वास. आपल्या जून-जुलैच्या दमट हवेत ते वाळेल अशी आशा धरू नका. त्यात तेलाच्या चिंध्या गोळा करून फेकल्या तर आपोआप पेटू शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात. साबणाच्या पाण्यात बुडवून मग तुरटीच्या पाण्यात बुडवायची जुनी रीतही आहे. कापड मऊ राहतं, खर्च नगण्य, पण डिटर्जंटने एकदा धुतलं की गुण संपला. टोपीला वगैरे चालेल.

तर तिला सांगितलं ते असं: बाजाराची पिशवी, शाळेची झोळी, अवजारांची गुंडाळी यांना मेण. डब्याची पिशवी, ओले कपडे ठेवायचा पाऊच, स्वयंपाकाचा एप्रन यांना फिल्म, आणि एप्रनला शिवणी कमीत कमी. ओल्या पाऊचचं तोंड मात्र घरी आल्यावर उघडं ठेवायला गिऱ्हाइकाला सांग, नाहीतर आत बुरशी धरते.

मेणाचं पातेलं जुनंच घ्यायचं. ते परत दुधाला चालत नाही.