शामरावनगरचं घर पाडलं आणि गणपती पेठेत वन बीएचकेत आलो, फ्लॅट कसा आहे ते सविस्तर

आमचं शामरावनगरातलं घर पाडून परत बांधायला काढलंय. तिकडची काळी माती आणि साचणारं पाणी सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, जोतं खचलेलं, भिंतींना तडे, पावसाळ्यात अंगणातनं बाहेर पडायचं म्हणजे चपला हातात, म्हणून यावेळी जोतं चांगलं उंच घेऊन आरसीसीच करायचं ठरलं आणि तेवढ्या काळापुरता दसऱ्याला गणपती पेठेच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके भाड्यानं घेतला. माणसं चार, मी, आमचे हे, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. पाच खोल्या, परस, वर गच्ची अशा घरातनं इथं आलोय. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली येईलच.

बिल्डिंगचं नाव टाकत नाही कारण मालकांना विचारलेलं नाही. पण गावात असा फ्लॅट बघणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितेय.

आधी पुराचं, कारण आम्हाला प्रत्येकानं तेच विचारलं की चांगलं लांबचं सोडून कृष्णा नदीकडं कशाला जाताय. प्रश्न बरोबरच आहे. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, २०२१ ला परत मोठा पूर. मारुती चौक, हरभट रोड, मंडई सगळं पाण्याखाली. तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही हे खरं आहे पण नुसता मजला बघून फ्लॅट घेऊ नका हो, मीटर कुठं आहेत ते बघा! बऱ्याच जुन्या बिल्डिंगांत मीटरचा बोर्ड खाली पार्किंगमध्ये जिन्याखाली असतो, पाण्याची मोटरही तिथंच आणि टाकी जमिनीत. पार्किंगमध्ये पाणी आलं की लाईट बंद करावीच लागते, लाईट गेली की लिफ्ट गेली, मोटर गेली, खालच्या टाकीत पुराचं घाण पाणी, म्हणजे तुम्ही वर कोरडे बसलाय पण प्यायला घोटभर पाणी नाही आणि मोबाईल चार्ज करायची सोय नाही. २०१९ ला कितीतरी लोकांचे असेच हाल झाले.

आमच्या बिल्डिंगीत त्या पुरानंतर सगळ्यांनी पैसे काढून मीटर पहिल्या मजल्याच्या जिन्यात वर घेतलेत. मालकांनी न विचारता नेऊन दाखवलं, भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून तशीच ठेवलीय आणि बोर्ड त्या रेघेच्या हातभर वर आहे. तिथंच आमचं पक्कं झालं, बाकी खोल्या मी नंतर बघितल्या. तरी पाणी चाळिसाकडं चाललं की सासूबाईंना मिरजेला नणंदेकडं पाठवायचं आणि गाड्या विश्रामबागला लावायच्या हे आधीच ठरवून ठेवलंय, कारण त्यांचे गुडघे आणि बंद लिफ्ट हे जमायचं नाही.

आता राहायला कसा आहे. हॉल बरा आहे, दिवाण, टीव्ही आणि मुलीचं टेबल बसलं. बेडरूममध्ये सासूबाई आणि मुलगी झोपतात, आम्ही हॉलमध्ये. स्वयंपाकघर मात्र फार छोटं, ओट्यावर शेगडी आणि मिक्सर ठेवला की पोळपाट ठेवायला जागा उरत नाही, मी चपात्या खाली बसूनच लाटते. कणिक मळायची परात सिंकमध्ये आडवी मावत नाही, उभी धरून घासावी लागते. सुकी गॅलरी चार हाताची, त्यामुळं यंदा पापड, सांडगे काही नाही, सासूबाईंना ते फार लागलंय. भांडी आम्ही रोजची तेवढीच आणली, पितळेची मोठी पातेली, हंडे, गाद्या आणि सासऱ्यांचं सागवानी कपाट मिरजेला ठेवलं. कपाट आणायचं होतं पण जिन्याच्या वळणावर ते फिरलंच नसतं, तेव्हा मोठं फर्निचर असेल तर आधी जिना टेपनं मोजून घ्या, फ्लॅटचं दार नंतर. आणि सामान हलवणाऱ्यांशी मजला सांगून, लिफ्टमध्ये न मावणारं किती आहे ते सांगून भाव लिहून घ्या, आमच्याकडं ज्यांना बोलवलं त्यांनी अर्धं सामान खाली रस्त्यावर असताना मजल्याचे जादा पैसे मागितले, फार वाईट वाटलं.

एक स्टार कापला तो आवाजासाठी. पेठ होलसेलची, सकाळी लवकर टेम्पो लागतात, पोती उतरतात, हातगाड्या, हमालांची हाकाहाक, आणि कुठं मिरचीचं पोतं सांडलं की ठसका तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. मुलीला पहाटे अभ्यासाला फार त्रास झाला, मग खिडकीला जाड पडदा लावला तेव्हा जरा कमी झालं. चारचाकीला जागा नाही, आमची नाहीये म्हणून चाललं.

पण सासूबाईंचं बघून मला हा फ्लॅट मनापासून आवडतो. शामरावनगरात त्यांना कुठं जायचं म्हटलं की रिक्षा नाहीतर आमच्यापैकी कुणीतरी, मग त्या नकोच म्हणायच्या. इथं स्वतः काठी घेऊन गणपतीला जातात, येताना फुलं, कधी भडंग, मंडईत भाजीवालीशी घासाघीस करून मेथी आणतात. आधी दिवसभर टीव्हीसमोर असायच्या. डॉक्टर, औषधाचं दुकान, बँक, भावे नाट्यमंदिर सगळं चालत. संध्याकाळी आम्ही दोघी आयर्विनवर वारं घ्यायला जातो, तो पूल १९२९ चा, त्यांच्या माहेरच्या लग्नांची वऱ्हाडं त्याच्यावरनं आलेली सांगत असतात. घरात वयस्कर माणूस असेल तर तात्पुरतं का होईना गावात राहायचं बघाच, जागेची अडचण चार दिवसांत अंगवळणी पडते.

व्यवहाराचं: भाडं ९,०००, डिपॉझिट ३०,०००. करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात रजिस्टर करावाच लागतो, नोटरी चालते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आणि स्टॅम्प ड्यूटी एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवरचं व्याजही धरतात, आमची अडीचशेच्या आसपास बसली, ऑनलाईन होतं सगळं, बाकी एजंट त्याचे घेतो. बांधकाम लांबणार हे धरूनच मालकांशी बोला. आमचा स्लॅब लांबलाय, भाद्रपदात करार संपतो आणि मालक परत करार करायला तयार आहेत, भाडं तेच. सासूबाई त्यावर खूश आहेत, गणेशोत्सवात पाचव्या दिवशी सांगली संस्थानच्या गणपतीची मिरवणूक असते, ती जवळनं बघायला मिळेल म्हणून बहिणीला आत्ताच बोलावून ठेवलंय.