पणजीच्या मळा भागातल्या घराचा इतिहास शोधायचाय? आधी कुठे जाल

आपल्या वाड्याचा, म्हणजे वस्तीचा, इतिहास हुडकायला निघालेला पणजीकर बहुधा थेट दफ्तरखान्याची पायरी चढतो. मीही तेच केलं. ‘मळ्याबद्दल काही आहे का?’ एवढंच विचारलं आणि हात हलवत परत आलो. चूक माझी. जुने कागद वाड्यावार लावलेले नसतात. कुठल्या कचेरीने, कुठल्या साली लिहिले, त्याप्रमाणे ते लागतात.

गोव्याचा सरकारी दफ्तरखाना १५९५ सालचा, पहिला दफ्तरदार इतिहासकार दियोगु दु कौतु. तिथला मानाचा संग्रह म्हणजे मान्सूनच्या वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांमधून लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार. राजकारण अभ्यासणाऱ्याला तो पर्वणी. तुमच्या गल्लीतली विहीर त्यात सापडायची नाही. तुमच्या कामाची ती नोटरींची खतं आणि कोमुनिदादींची (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या गावकरी संस्थांची) दफ्तरं. खतात चतुःसीमा असतात: पूर्वेस अमक्याचे माड, पश्चिमेस वाट. शेजारपाजारची अशी चार-पाच खतं जुळवली की अख्खी आळी उभी राहते. पण त्यासाठी नाव आणि साल हातात हवं, आणि नावही पोर्तुगीज वळणाचं. प्रभू तिथे ‘पोरोबो’ असतो, शेणवी ‘सिनाय’, भट ‘बोतो’. शिवाय जुना हस्ताक्षरी पोर्तुगीज मजकूर वाचणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा.

पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय त्या मानाने दयाळू. १८३२ची ही संस्था. छापील अक्षर, जुनी वर्तमानपत्रं, राजपत्रं. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत. बातम्यांपेक्षा जाहिराती वाचा. ‘आलुगा-से’ म्हणजे भाड्याने देणे आहे. त्याखाली रस्त्याचं नाव येतं, कधी मालकाचंही. फक्त ‘पणजी’ शोधत बसू नका. १८४३पासून सरकारी कागदांत शहराचं नाव ‘नोव्हा गोवा’ आहे.

पर्वरीचं झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्र (१९७९, जेझुइटांचं) वेगळ्या माणसासाठी आहे. पणजीच्या म्हामाई कामत घराण्याची व्यापारी दफ्तरं तिथे आहेत: पोर्तुगीज, फ्रेंच, मोडी, गुजराती. जुन्या पणजीतल्या सावकारी-दलालीत रस असेल, तर याला तोड नाही. घराचा कोनाडा शोधणाऱ्याने मात्र एवढा फेरा घालू नये.

आणि या तिन्हींच्या आधी घरातलं कपाट उघडा, हे कुणी सांगत नाही. गोवामुक्तीनंतरच्या खरेदीखतातही बऱ्याचदा जुना ‘देस्क्रिसांव’ नंबर (नोंदणी कचेरीतल्या मालमत्तेच्या वर्णनाचा) आणि मात्रीजचा (मालमत्ता-कराच्या नोंदवहीचा) नंबर लिहिलेला असतो. शहर सर्व्हेच्या उताऱ्यावर चलता नंबर (त्या जागेचा सर्व्हे क्रमांक) आणि पीटी शीट (सर्व्हे नकाशाच्या पानाचा क्रमांक) मिळते. हे आकडे घेऊन गेलात तर नोंदणी कचेरीतलं वर्णन निघतं, त्यातून जुन्या मालकाचं नाव, आणि मग दफ्तरखान्यात विचारायला खरा प्रश्न.

एकच रविवार असेल तर कपाट. रजेचा आठवडा असेल तर पाटो. पोर्तुगीज वाचता येत असेल आणि घाई नसेल, तर दफ्तरखाना. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कागदावर एक नाव, एक साल आणि एक नंबर लिहून नेला होता. आमच्या उत्तरेची सीमा एका ‘सिनाय’च्या गोठ्याला लागून होती. आज तिथे स्कूटर लावतात.